जुनी कार्डं, नवा संगणक: अडॅप्टर लावण्याआधी आणि लावल्यानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं जुनं कार्ड (साउंड, नेटवर्क, ग्राफिक्स असं, संगणकाच्या बोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारं) नव्या संगणकात चालेल का? एका वाक्यात सांगा.

कार्ड पीसीआय एक्सप्रेसचं (हल्लीच्या बोर्डांवरचा स्लॉटचा प्रकार) असेल तर बहुतेक चालेल. साध्या पीसीआयचं (त्याआधीचा प्रकार) असेल तर अडॅप्टर लावून चालण्याची चांगली शक्यता आहे. एजीपी (जुन्या ग्राफिक्स कार्डांचा स्लॉट) असेल तर विसरा. आयएसए (सगळ्यात जुना स्लॉट) असेल तर एवढी खटपट कशासाठी करायची, हे आधी ठरवा.

ही चार वाक्यं झाली, पण एका वाक्यात उत्तर देणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. कारण खरा अडसर बहुतेक वेळा स्लॉटचा नसतो, ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. स्लॉटचा प्रश्न अडॅप्टर सोडवतो. ड्रायव्हरचा प्रश्न तो सोडवत नाही. त्यामुळे अडॅप्टर मागवण्याआधी, तुम्ही वापरणार त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळतो का, ते पाहा. मिळत नसेल तर पुढची बरीच उत्तरं वाचायची गरज नाही.

हातातलं कार्ड नेमकं कोणत्या जातीचं आहे, हे कसं ओळखायचं?

खालच्या सोनेरी पट्ट्या पाहा. पीसीआय एक्सप्रेस कार्डात मागच्या धातूच्या पट्टीजवळ संपर्कांचा एक छोटा तुकडा असतो, मग खाच, मग उरलेला भाग. एक्स१ (एका लेनच्या, म्हणजे माहितीच्या एका वाटेच्या) कार्डात हा उरलेला भाग अगदी आखूड असतो, एक्स१६ मध्ये (सोळा लेन) लांबलचक. सगळ्या लांबींमध्ये खाच एकाच जागी असते.

साध्या पीसीआय कार्डाच्या पट्ट्या जास्त रुंद दिसतात आणि त्यात एक किंवा दोन खाचा असतात. या खाचा व्होल्टेज सांगतात. धातूच्या पट्टीजवळची खाच म्हणजे कार्ड ३.३ व्होल्टच्या स्लॉटमध्ये बसतं, पट्टीपासून लांबची खाच म्हणजे ५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये. दोन्ही खाचा असतील तर कार्ड दोन्हीकडे चालतं. फक्त लांबची खाच असलेली कार्डं १९९० च्या दशकातली असण्याची शक्यता जास्त, आणि अडॅप्टर निवडताना त्रास देतात तीही हीच. अडॅप्टरवरचा स्लॉट ५ व्होल्टचा आहे का, हे फोटोत त्याच्या आडव्या दांडीची जागा पाहून कळतं.

पीसीआय कार्डासारखंच, पण मागे आणखी एक लांब तुकडा जोडलेलं कार्ड दिसलं तर ते ६४-बिट पीसीआय किंवा पीसीआय-एक्स असतं. नावावरून फसू नका, पीसीआय-एक्स आणि पीसीआय एक्सप्रेस यांचा स्लॉट म्हणून एकमेकांशी संबंध नाही. मात्र बरीचशी पीसीआय-एक्स कार्डं साध्या ३२-बिट पीसीआय स्लॉटमध्ये, मागचा तुकडा बाहेर लोंबकळत ठेवून, कमी वेगाने चालतात. खाच जुळली पाहिजे आणि मागे एखादा कपॅसिटर आडवा येता कामा नये.

आयएसए कार्ड सगळ्यात मोठं आणि त्याचे संपर्क सगळ्यात जाड. एजीपीच्या संपर्कांच्या दोन रांगा असतात, खालीवर.

पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीतलं कार्ड आहे. त्याला अडॅप्टर लागेल का?

नाही. २००३ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून २०१९ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत आणि पुढेही, स्लॉट आणि कार्ड सुरू होताना आपसात बोलून दोघांनाही जमेल असा वेग आणि लेनची संख्या ठरवतात. जुनं एक्स१ कार्ड नव्या एक्स१६ स्लॉटमध्ये बिनदिक्कत लावा. उलट, मोठं कार्ड छोट्या स्लॉटमध्ये लावायचं असेल आणि स्लॉटचं मागचं टोक उघडं असेल, तर तेही चालतं, फक्त लेन कमी मिळतात.

क्वचित एखादं जुनं कार्ड नव्या बोर्डवर वेग ठरवतानाच अडखळतं. अशा वेळी बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्या स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीवर आणा. हा पर्याय बहुतेक बोर्डांवर असतो आणि तो लोक शेवटी बघतात, खरं तर आधी बघायला हवा.

पीसीआय कार्डासाठीच्या अडॅप्टरमध्ये आत नेमकं काय असतं?

एक ब्रिज चिप. बाकी सगळं म्हणजे तारा, स्लॉट आणि वीज.

१९९२ मध्ये इंटेलने आणलेला पीसीआय हा समांतर मार्ग आहे: ३२ तारांवरून एकाच ठेक्यात, ३३ मेगाहर्ट्झवर, पत्ता आणि माहिती जाते, आणि सगळी कार्डं त्याच तारा वाटून घेतात. पीसीआय एक्सप्रेसमध्ये तारांच्या जोड्यांवरून एकामागून एक बिट धावतात, पाकिटं बांधून, आणि प्रत्येक उपकरणाची जोडणी स्वतंत्र असते. या दोन भाषा वेगळ्या आहेत, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. नुसत्या तारा जोडून पीसीआय कार्ड एक्सप्रेस स्लॉटवर चालवता येत नाही. कुणी चिप नसलेला 'पीसीआय ते पीसीआय एक्सप्रेस' अडॅप्टर विकत असेल तर तो फक्त प्लॅस्टिक आणि तांबं विकतोय.

दिलासा इतकाच की हा अनुवाद मानकातच ठरवून दिलेला आहे. ब्रिजसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला आणखी एक पीसीआय मार्ग दिसतो आणि त्याच्या टोकाला तुमचं कार्ड, जणू ते जुन्या बोर्डवरच बसलंय.

आणि हे काही जुगाड नव्हे. पीसीआय एक्सप्रेस म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक कार्डांत आत हेच होतं. असुसच्या एसेन्स एसटीएक्स साउंड कार्डातली आवाजाची चिप पीसीआयचीच होती, शेजारी पीएलएक्सचा ब्रिज बसवून ते एक्सप्रेस कार्ड बनवलं होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक्सआयओ२२१३ ही फायरवायर चिप तर ब्रिज पोटातच घेऊन येते.

कोणती ब्रिज चिप असलेला अडॅप्टर घ्यावा?

स्वस्त अडॅप्टरांवर बहुधा एएसमीडियाची एएसएम१०८३ असते. त्याखेरीज पीएलएक्सची पीईएक्स८११२, पेरिकॉमची पीआय७सी९एक्स१११, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक्सआयओ२००१ आणि आयटीईची आयटी८८९२ या चिपा दिसतात.

माझी पसंती पीएलएक्स किंवा टेक्सासला. एएसएम१०८३ बद्दल लिनक्सवाल्यांच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यात तथ्य आहे. पीसीआय कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधण्यासाठी इंटरप्टची एक तार खाली ओढतं आणि काम झालं की सोडतं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये अशी तारच नाही, म्हणून ब्रिजला 'ओढली' आणि 'सोडली' असे दोन निरोप पाठवावे लागतात. ही चिप 'सोडली'चा निरोप कधी कधी पाठवत नाही. मग इंटरप्ट अडकून राहतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) वैतागून ती इंटरप्ट लाइनच बंद करतो आणि लॉगमध्ये कुणीच दखल घेतली नाही अशा अर्थाची ओळ उमटते. त्यानंतर कार्ड कासवाच्या गतीने चालतं किंवा अजिबात चालत नाही. 'आयआरक्यूपोल' हा बूट पर्याय देऊन गाडी ढकलता येते, पण प्रोसेसरवर भार येतो आणि साउंड कार्डासाठी तो उपाय कामाचा नाही.

सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. जुनं नेटवर्क कार्ड किंवा सिरियल पोर्टचं कार्ड या चिपवर वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. पण संगीताचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर मी ही चिप टाळीन.

विक्रेता चिपचं नाव देत नसेल तर फोटो मोठा करून चिपवरची अक्षरं वाचा. अडॅप्टर आधीच घेतला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्रिजचा हार्डवेअर आयडी पाहा: १बी२१ म्हणजे एएसमीडिया, १०बी५ पीएलएक्स, १०४सी टेक्सास, १२डी८ पेरिकॉम.

माझ्या बोर्डवर तर पीसीआय स्लॉट आहेच. मग काळजी नाही ना?

थोडी आहे. २०११ च्या सहाव्या मालिकेपासून इंटेलने घरगुती वापराच्या बहुतेक चिपसेटमधून (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपमधून) पीसीआय काढून टाकलं. त्यानंतरच्या बोर्डांवर पीसीआय स्लॉट दिसतो तो बऱ्याचदा बोर्डवरच बसवलेल्या ब्रिज चिपमुळे, आणि ती चिप अनेकदा वर सांगितलेली एएसएम१०८३ च असते. म्हणजे अडॅप्टर बोर्डात सोल्डर करून आला एवढंच. अशा स्लॉटवर कार्ड नीट चालत नसेल, तर दुसऱ्या चिपचा बाहेरचा अडॅप्टर एक्स१ स्लॉटमध्ये लावून पाहण्यात अर्थ आहे.

अडॅप्टरला पॉवर सप्लायची वेगळी तार का लावायची? न लावता चालत नाही का?

पीसीआय स्लॉट कार्डाला ३.३, ५, १२ आणि उणे १२ असे चार व्होल्टेज देतो. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट फक्त ३.३ आणि १२ देतो. ५ व्होल्ट कुठून तरी आणावे लागतात: एक तर अडॅप्टरवर १२ चे ५ करणारा छोटा परिवर्तक असतो, नाहीतर पॉवर सप्लायमधून मोलेक्सची किंवा फ्लॉपीची चार पिनांची तार. तारेची जागा दिलेली असेल तर ती लावाच. तार न लावता कार्ड दिसलं तरी भार पडल्यावर ते डुगडुगेल आणि तुम्ही ड्रायव्हर बदलत बसाल.

आणखी एक हिशेब: पीसीआय कार्डाला २५ वॅटपर्यंत घेण्याची मुभा होती. पीसीआय एक्सप्रेसच्या एक्स१ स्लॉटकडून सुरुवातीला १० वॅटच धरता येतात.

उणे १२ व्होल्ट बहुतेक कार्डांना लागत नाहीत, पण काही जुनी साउंड कार्डं आणि मोजमापाची कार्डं त्यांच्या ॲनालॉग भागासाठी ते वापरतात. अडॅप्टर उणे १२ देत नसेल तर असं कार्ड ओळखलं जातं, ड्रायव्हर चढतो, पण आवाज येत नाही किंवा फाटका येतो. विकत घेताना कुणी हे विचारत नाही. तुम्ही विचारा.

साटाच्या (हार्ड डिस्कला लावायच्या) वीजतारेवरून ताकदीचं काही चालवू नका. त्या कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिनांपैकी प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर, म्हणजे सगळं मिळून ५४ वॅट. पीसीआय कार्डाला ते पुरतं, ग्राफिक्स कार्डाच्या रायझरला (कार्ड स्लॉटपासून दूर बसवू देणाऱ्या अडॅप्टरला) नाही. तिथे कनेक्टर वितळतो.

एक्स१ अडॅप्टरमुळे कार्डाचा वेग कमी होईल का?

नाही. पीसीआयचा पूर्ण मार्ग मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइट. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या आवृत्तीची एकच लेन प्रत्येक दिशेला २५० मेगाबाइट देते. अरुंद भाग जुनाच आहे. ब्रिजमुळे थोडा विलंब मात्र वाढतो. नेटवर्क किंवा स्कॅनरला तो जाणवत नाही, अगदी लहान बफर (आवाजाची तात्पुरती साठवण) ठेवून रेकॉर्डिंग करणाऱ्याला जाणवू शकतो.

कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतंय, पण पिवळं चिन्ह आहे. अडॅप्टर खराब आहे का?

बहुधा नाही. कार्ड त्याच्या आयडीसकट दिसतंय म्हणजे अडॅप्टरने त्याचं काम केलं. आता प्रश्न ड्रायव्हरचा.

विंडोजच्या ६४-बिट आवृत्तीत ३२-बिट ड्रायव्हर चढत नाही. यात काही पळवाट नाही, कम्पॅटिबिलिटी मोडने हे सुटत नाही. २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. विंडोज एक्सपीच्या काळातल्या असंख्य कार्डांचे ६४-बिट ड्रायव्हर कधी लिहिलेच गेले नाहीत. तुमचं कार्ड त्यातलं असेल तर नव्या विंडोजवर ते थेट चालणार नाही.

६४-बिट ड्रायव्हर आहे, पण जुना आहे, असं असेल तर आशा आहे. व्हिस्टा किंवा विंडोज ७ साठीचा ६४-बिट ड्रायव्हर अनेकदा विंडोज १० वर आणि ११ वरही चालतो. त्रुटीचा क्रमांक पाहा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही पटत नाही. १२ म्हणजे कार्डाला हवी ती संसाधनं, म्हणजे मेमरीतली जागा किंवा पोर्ट, मिळाली नाहीत. हा प्रकार ब्रिजमागच्या कार्डांत होतो, स्लॉट बदलून किंवा बायॉसमधले न वापरलेले पोर्ट बंद करून सुटू शकतो. १० हा सगळ्यात त्रासदायक, कारण त्याचा अर्थ 'सुरू झालं नाही' एवढाच.

विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सोय सुरू असेल तर ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करता येते, पण त्याने सुरक्षेतला एक थर जातो. रोजच्या कामाच्या, बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर मी एका स्कॅनर कार्डासाठी ते करणार नाही. त्याला वेगळा संगणक द्यावा.

लिनक्सवर चित्र बरंच बरं आहे. जुनी थ्रीकॉम आणि रिअलटेक नेटवर्क कार्डं, क्रिएटिव्हची लाइव्ह आणि ऑडिजी, ॲडॅप्टेकची बरीच स्कझी कार्डं (जुन्या डिस्क, स्कॅनर जोडण्यासाठीची) यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. कार्ड जिवंत आहे का, हे तपासायलाही यूएसबीवरून लिनक्स चालवून पाहणं हा सगळ्यात झटपट मार्ग. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की ब्रिज आणि त्यामागचं कार्ड दोन्ही यादीत दिसले पाहिजेत.

मग व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकात) एक्सपी टाकून कार्ड त्याला देता येईल का?

येतं, आणि ६४-बिट ड्रायव्हर नसलेल्या कार्डांसाठी हा मला सगळ्यात आवडणारा तोडगा आहे. प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनाही आयओएमएमयू (कोणत्या उपकरणाने कोणती मेमरी वापरायची हे आखून देणारी सोय) असायला हवं, इंटेलकडे त्याला व्हीटी-डी म्हणतात आणि एएमडीकडे एएमडी-व्हीआय. लिनक्सवर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) आणि व्हीएफआयओ (त्याला खरं उपकरण देणारी सोय) वापरून खरं कार्ड आतल्या एक्सपीच्या ताब्यात देता येतं. यजमान यंत्रणेला त्या कार्डाचा ड्रायव्हर ठाऊक असण्याचीही गरज नाही.

एक मेख आहे. ब्रिजमागची सगळी पीसीआय कार्डं आयओएमएमयूला एकच उपकरण वाटतात, कारण ब्रिज त्यांचे निरोप स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो. तीन स्लॉटच्या अडॅप्टरवर तीन कार्डं असतील तर तिन्ही एकाच व्हर्च्युअल मशीनला द्यावी लागतील, एक इकडे एक तिकडे जमणार नाही. बोर्डवरच्या पीसीआय स्लॉटलाही हेच लागू. म्हणून अशा कामासाठी प्रत्येक कार्डाला स्वतंत्र अडॅप्टर द्या.

इंटरप्ट अडकवणारा ब्रिज इथेही अडकवतोच, हेही ध्यानात ठेवा.

जुन्या साउंड कार्डाबद्दल वेगळं काही?

बरंच आहे, कारण अडॅप्टर लावणाऱ्यांत आवाजाची कामं करणारे बहुसंख्य असतात. त्यांची कार्डं अजूनही चांगली आहेत आणि ती टाकवत नाहीत, हे मलाही पटतं.

पहिली गोष्ट मेमरीची. पीसीआय कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं, पण त्याला कुठवरचे पत्ते लिहिता येतात हे चिपवर अवलंबून असतं. साधारण कार्ड ४ गिगाबाइटपर्यंत पोचतं. क्रिएटिव्हच्या लाइव्हमधली ईएमयू१०के१ चिप फक्त २ गिगाबाइटपर्यंत. एम-ऑडिओच्या डेल्टा मालिकेतली आयसीई१७१२ चिप तर २८ बिटांचेच पत्ते जाणते, म्हणजे २५६ मेगाबाइट. ३२ गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकात ड्रायव्हरने खालची जागा मागून घेतली नाही तर आवाज तुटतो किंवा सुरूच होत नाही. चांगले ड्रायव्हर हे सांभाळतात. खास एका जुन्या विंडोजसाठी घाईत लिहिलेले सांभाळत नाहीत.

दुसरी गोष्ट वीज वाचवण्याची. बायॉसमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं एएसपीएम (काम नसताना जोडणी झोपवणारी सोय) बंद करा, विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्येही 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद ठेवा. मध्येच कट्‌कट् येणं किंवा थोड्या वेळाने कार्ड गायब होणं यातल्या कित्येक तक्रारी तेवढ्यानेच जातात.

डॉसमधल्या खेळांचा आवाज हवा असेल तर पीसीआय कार्डाच्या मागे लागू नका. डॉसचे खेळ आयएसएच्या ठराविक पोर्टवर, ठराविक इंटरप्ट आणि डीएमए (प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीशी देवाणघेवाण) वाहिनीवर साउंड ब्लास्टर कार्ड शोधतात. पीसीआय कार्डं ती नक्कल करायला जुन्या चिपसेटच्या सवलती वापरत होती. नव्या चिपसेटमध्ये त्या उरलेल्या नाहीत, आणि मध्ये ब्रिज आला की उरलीसुरली शक्यताही जाते. डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम हे काम उत्तम करतो.

एजीपी ग्राफिक्स कार्ड नव्या बोर्डवर लावता येईल का?

नाही. एजीपी पीसीआयवरूनच निघालेलं असलं तरी त्याचे वेगवान मोड आणि मेमरीचा नकाशा बांधण्याची पद्धत चिपसेटमध्येच असायची. संक्रमणाच्या काळात एनव्हिडिया आणि एटीआय यांनी एजीपी आणि एक्सप्रेस यांच्यामध्ये ब्रिज चिपा बनवल्या होत्या, पण त्या कार्डावर सोल्डर केलेल्या असायच्या. एजीपी कार्डाची खरी जागा त्याच्या काळातला बोर्ड.

पीसीआयचं ग्राफिक्स कार्ड अडॅप्टरवर चालू शकतं, दुसऱ्या पडद्यासाठी वगैरे. मात्र संगणक सुरू होताना त्यावर चित्र येईलच असं नाही. जुन्या कार्डाच्या रॉममध्ये फक्त जुन्या बायॉससाठीचा कोड असतो, आणि शुद्ध यूईएफआय (बायॉसची नवी जागा घेणारी यंत्रणा) तो चालवत नाही. बायॉसमध्ये सीएसएम हा (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारा) पर्याय असेल तर सुरू करून पाहा. नव्या बोर्डांवर तो दिवसेंदिवस दुर्मीळ होतोय. हीच गोष्ट स्कझी किंवा रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डावरून बूट करण्याची: कार्ड ऑपरेटिंग सिस्टिम चढल्यावर चालेल, पण त्यावरच्या डिस्कवरून संगणक सुरू होणार नाही.

आयएसए कार्डाचं काय?

आयएसए १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर ८-बिट म्हणून आलं, १९८४ च्या पीसी एटीबरोबर १६-बिट झालं. नव्या बोर्डवर त्याला पोचण्याचा एक आश्चर्यकारक रस्ता आहे: टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) छोटी पिनपट्टी. अनेक बोर्डांवर ही पट्टी एलपीसी या मार्गाची असते, आणि १९९८ मध्ये इंटेलने आणलेलं एलपीसी म्हणजे थोड्या तारांत कोंबलेलं आयएसएच. त्याला ब्रिज जोडून खरा आयएसए स्लॉट उभा करणारे हौशी लोक आहेत, आणि त्यावर जुनी साउंड ब्लास्टर वाजलेलीही आहे.

पण अटी कडक आहेत. डीएमएसाठी लागणारी एक तार पट्टीवर आणलेली हवी, ती बऱ्याचदा नसते. आणि अलीकडच्या बोर्डांवर एलपीसी जाऊन एसपीआय किंवा ईएसपीआय आलंय, तिथे हा रस्ता बंद. कारखान्यातल्या यंत्राला जोडलेलं आयएसए कार्ड चालू ठेवायचं असेल तर अडॅप्टरपेक्षा आयएसए स्लॉट असलेला औद्योगिक बोर्ड शोधा. यंत्र थांबलं की हौस परवडत नाही.

पॅरलल पोर्टचं कार्ड लावलं, पोर्ट दिसतो, पण जुना प्रोग्रॅम ओळखत नाही.

कारण तो प्रोग्रॅम पोर्ट ३७८ या पत्त्यावर शोधतोय, आणि पीसीआय कार्डाला पत्ता मिळालाय भलताच, डीच्या पुढे तीन आकडे असा काहीतरी. ब्रिजमागच्या कार्डांना पोर्टचे पत्ते ४ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत वाटले जातात, त्यामुळे ३७८ मिळणं जवळपास अशक्य. प्रोग्रॅममध्ये पत्ता बदलण्याची सोय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून खरा पत्ता घेऊन तिथे लिहा. नसेल तर बोर्डवरच पॅरलल पोर्टची पिनपट्टी आहे का पाहा, काही बोर्डांवर ती अजून असते आणि ती ३७८ वरच बोलते.

यूएसबीची पॅरलल केबल या कामाला चालत नाही. ती फक्त प्रिंटरसाठी असते. जुन्या सॉफ्टवेअरची कुलूपकिल्ली (डोंगल), चिपांचा प्रोग्रॅमर किंवा सीएनसी यंत्र तिला जोडून उपयोग नाही.

लॅपटॉपला जुनं कार्ड कसं जोडायचं?

थंडरबोल्ट (लॅपटॉपवरचा एक वेगवान पोर्ट) असेल तर बाहेरच्या पेटीतून. थंडरबोल्ट ३ पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन बाहेर आणतं, पेटीतल्या स्लॉटमध्ये एक्सप्रेस कार्ड लावा, किंवा ब्रिजचा अडॅप्टर आणि त्यावर पीसीआय कार्ड. यूएसबी-सीचं छिद्र म्हणजे थंडरबोल्ट असेलच असं नाही, हे तपासून घ्या. यूएसबी४ मध्येही पीसीआय एक्सप्रेस वाहून नेणं ऐच्छिक आहे.

आतला एम.२ स्लॉटही (एसएसडीचा) वापरता येतो, तो एनव्हीएमईचा, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरून बोलणाऱ्या एसएसडीचा असेल तर. फक्त साटा बोलणाऱ्या एम.२ स्लॉटमध्ये पीसीआय एक्सप्रेस नसतंच. एम.२ फक्त ३.३ व्होल्ट देतो, १२ बाहेरून द्यावे लागतात.

जुन्या लॅपटॉपमधली कार्डं असतील तर एक्सप्रेसकार्डमध्ये पीसीआय एक्सप्रेसची एक लेन आणि यूएसबी २.० दोन्ही असतात. कार्ड यातलं काय वापरतं त्यावर सगळं ठरतं. यूएसबीला लावायचा एक्सप्रेसकार्ड अडॅप्टर फक्त यूएसबी वापरणाऱ्या कार्डांनाच चालतो, आणि विक्रेते हे बारीक अक्षरांतही लिहीत नाहीत. कार्डबस (लॅपटॉपच्या कार्डांचा त्याआधीचा प्रकार) हे आतून ३२-बिट पीसीआय असल्याने त्याला पुन्हा ब्रिज लागतो.

रायझरसोबत आलेली निळी केबल यूएसबी पोर्टमध्ये लावली तर?

लावू नका. ती केबल यूएसबी ३ ची असली तरी तिच्यातून पीसीआय एक्सप्रेसचे संकेत जातात, स्वस्तात मिळणारी चांगली तार म्हणून ती वापरलीय. यूएसबी पोर्टला जोडून काही चालणार नाहीच, नुकसान मात्र होऊ शकतं.

अडॅप्टर लावल्यावर कार्ड कॅबिनेटमध्ये बसत नाही.

सरळ उभ्या अडॅप्टरमुळे कार्ड वर उचललं जातं, त्यामुळे त्याची धातूची पट्टी स्क्रूच्या जागेशी जुळत नाही. पूर्ण उंचीच्या कॅबिनेटमध्ये कमी उंचीचं कार्ड असं बसवता येतं. पूर्ण उंचीच्या कार्डासाठी केबलवाला अडॅप्टर घ्या, म्हणजे स्लॉटचा भाग वेगळा आणि कार्ड मोकळ्या जागेत स्क्रूने घट्ट. पट्टी काढून कार्ड नुसतं टेकवून ठेवू नका, मागून जाड केबल ओढली गेली की कार्ड तिरकं होतं.

सगळं जोडलं, पण कार्ड कुठेच दिसत नाही. कुठून सुरुवात करू?

संगणक बंद करून वीजतारही काढा, पीसीआय कार्ड चालू संगणकात काढण्या-घालण्यासाठी बनलेलं नाही. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वर्षानुवर्षं पडून असलेल्या कार्डांत निम्मी भानगड इथेच असते. फुगलेले कपॅसिटर दिसतात का पाहा.

मग ब्रिज एकटा दिसतोय का ते बघा. ब्रिज दिसतो आणि कार्ड नाही, तर वीज, व्होल्टेज किंवा कार्ड. ब्रिजही दिसत नसेल तर स्लॉट किंवा अडॅप्टर: दुसरा स्लॉट वापरा, वेग पहिल्या पिढीवर आणा, केबलवाला अडॅप्टर असेल तर केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा लावा. काही बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी लावली की एखादा एक्स१ स्लॉट आपोआप बंद होतो. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ते एका तळटीपेत लिहिलेलं असतं.